तीन नंबरचं पाणी

बुधवारी सकाळी भीमरावनं तीन नंबरच्या प्लॉटातला एक मणी तोडून तोंडात टाकला आणि त्याचं धाबं दणाणलं. मणी दिसायला झकास होता. काळाभोर, टपोरा, शनिवारी होता त्यापेक्षा अंमळ मोठाच. पण दाताखाली फुटला तसं तोंडात नुसतं पाणी झालं. गोडी नव्हती असं नाही. होती आपली पातळ, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखी. त्यानं खालच्या ओळीतला एक खाल्ला, मग मधल्या ओळीतला. असे पंधरा-वीस मणी खाऊन तो एका बुंध्याशी मटकन बसला. गुडघा कटकन वाजला, तिकडंही त्याचं लक्ष गेलं नाही.

"मेलो," तो म्हणाला. ऐकायला साळुंक्यांशिवाय कुणी नव्हतं.

कात्रजच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर रावसाहेबांची ही वायनरी. गाव महापालिकेत गेलं त्याला चार वर्षं झाली होती. पाट्या आल्या होत्या, नळाला पाणी अजून यायचं होतं. खालच्या शेतांतून बारा-बारा मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या निम्म्या रावसाहेबांच्याच जमिनीवर. उतार तेवढा त्यांनी हौसेखातर द्राक्षाला ठेवला होता. चार प्लॉट. त्यातला तीन नंबर तांबड्या वाइनचा, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा; बाकीचे तीन म्हणजे नुसते तुकडे. चौदा वर्षांपूर्वी त्याचे खड्डे भीमरावनं घेतले होते, ठिबकच्या नळ्या त्यानंच पुरल्या होत्या, आणि तेव्हापासून चारही प्लॉटचं पाणी त्याच्याच हातात होतं.

पण दोन सालं तीन नंबर रुसला होता. माल यायचा, साखर भरायची नाही. दसऱ्याला रावसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "यंदा साखरंत बसला तर बसला. न्हाय तर उपटायचा आन लॉन करायचं. पुण्यात लग्नाला लॉन मिळंना झालंय." उपटला म्हणजे भीमरावच्या बायकोची, चंपाची, अकरा बायकांची तोडणीची टोळी घरी बसली. आणि भीमराव? प्लॉट नाही तर त्याचं पाणी बघणारा कशाला पाहिजे? म्हणून यंदा त्यानं त्या वेली तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. आणि जपता जपताच घात करून बसला होता.

वाइनच्या द्राक्षाची रीत उलटी. तोडणीआधी तीन आठवडे पाणी तोडायचं. वेल तहानेनं कासावीस झाली पाहिजे, तेव्हा कुठं मण्यात साखर उतरते. वाइन करणारे केदार सर, कोथरूडहून रोज गाडीनं येणारा माणूस, जानेवारीतच बजावून गेले होते, "एक थेंब नाही, भीमराव. अगदी दया आली तरी नाही." भीमरावला ते काही नवीन नव्हतं. पण पावसाळ्यात तीन नंबरातले नांगे भरले होते. मेलेल्या वेलींच्या जागी शे-सव्वाशे नवी रोपं लावली होती. फेब्रुवारीतच ऊन असं पेटलं की त्या रोपांची पानं कडेनं भाजायला लागली. आधी तो दोन हातांत दोन कॅन घेऊन चढावर पाणी वाहू लागला. पाचव्या दिवशी गुडघा सुजून भोपळा झाला. रविवारी सकाळी त्यानं ठिबकचा कॉक फिरवला. नळी एकच, पोरांना पाजायचं म्हणजे म्हाताऱ्यांच्या तोंडाशीही तेच पाणी. दोन तासांनी काय होतंय, म्हणून रविवारी दोन तास, सोमवारी दोन, मंगळवारी अडीच. रोपं टवटवीत झाली. पण दोन आठवडे कोरडी ठेवलेली जुनी झाडं काय लाजून बसणार होती? ती घटाघटा प्याली आणि सगळं पाणी मण्यांत नेऊन भरलं.

नऊ वाजता शर्मिला पिशवी घेऊन चढ चढून आली. भीमरावची ही एकुलती एक पोरगी. बीएस्सी झालेली, दोन वर्षं वायनरीच्या लॅबमध्ये होती. नोकरी अजून कच्चीच, पण ह्या सीझननंतर पक्की करू असा केदार सरांचा शब्द होता. तोडणी कधी लावायची ते तिच्या आकड्यावर ठरायचं. तिनं ओळीओळीतले मणी घेऊन पिशवीतच चुरगळले, रसाचा थेंब त्या वीतभर यंत्राच्या काचेवर टाकला, आणि उन्हाकडं तोंड करून डोळा लावला. बायका त्याला दुर्बीण म्हणायच्या. मग काच पुसून तिनं पुन्हा डोळा लावला.

"शनिवारी साखर साडेबावीस होती," ती म्हणाली. "आज वीस पॉइंट आठ. पप्पा, पाऊस तर पडलेला नाही."

भीमराव नखानं माती उकरत बसला.

"पाणी सोडलंत?"

"पोरं जळाय लागली व्हती गं."

"कुठली पोरं?"

"नांग्यातली."

शर्मिला त्याच्याशेजारी खाली बसली. धुतलेला पांढरा कोट मातीत टेकला. "केदार सरांना तेवीस लागतं. बारा वाजता आकडा द्यायचाय. शनिवारी तोडणीला पाहुणे बोलावलेत, कार्डं वाटून झालीत."

"दोन दिस थांब म्हनावं. ऊन हाय, उतरंल साखर."

"कुणाला सांगू थांबा म्हणून? आणि का थांबायचं ते काय सांगू?"

भीमरावनं हातातलं ढेकूळ चुरलं. मग वरच्या बांधाकडं बोट करून, पोरीकडं न बघता म्हणाला, "खडकाकडंची ती ओळ हाय ना. तिथं पाणी चढतच न्हाय. तिथलं मनी घे."

"सगळ्या ओळींतले घ्यायचे असतात, पप्पा. पहिल्या दिवशी तेच शिकवतात."

"ठाव हाय मला."

ती उठली. कोट झाडला. क्षणभर ती खालीच उतरणार असं वाटलं, पण ती वर खडकाकडं गेली. भीमराव तिची पाठ बघत राहिला. आपण पोरीला काय करायला सांगितलं हे त्याला पुरतं कळत होतं, आणि तिनं ते करावं अशी त्याची इच्छाही होती, दोन्ही एकदमच. बारा वाजता लॅबच्या फळ्यावर शर्मिलाच्या टापटीप अक्षरात तीन नंबरसमोर आकडा लागला, तेवीस पॉइंट एक.

संध्याकाळी घरात चंपाचा पाय जमिनीवर ठरेना. तिनं टोळीच्या बाराच्या बारा कात्र्या फरशीवर मांडल्या आणि एकेक दगडावर घासायला घेतली. "बसला बाई तीन नंबर! शकूला सांगितलं, शनवारी पाचला हजर राहा, तोडणी, मग छाटणी, दीड महिना हलायचं न्हाय." शकू म्हणजे तिच्या टोळीतली सगळ्यांत तरबेज तोडणारी. "तिनं तर दुसरीकडचं भांडी-फरशीचं सोडलं बी. आवं, तुमचं तोंड का असं एरंडेल प्याल्यागत?"

"गुडघा," भीमराव म्हणाला.

चंपानं तेल गरम करून आणलं आणि त्याचा गुडघा चोळू लागली. तिचे तळवे कात्रीनं घट्टे पडून खरखरीत झाले होते. शर्मिला भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला झोप लागली नव्हती हे भीमरावला तिच्या खांद्यावरनं कळत होतं.

आता सगळी भिस्त उन्हावर होती. आणि गुरुवारी आभाळ आलं. पाऊस पाडायची ऐपत नाही आणि ऊन पडू द्यायची नियत नाही, असलं भिकार आभाळ. शुक्रवारीही तेच. ज्या उन्हाला त्यानं आठवडाभर शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठी भीमराव दिवसभर वर मान करून फिरला.

शनिवारी पाचलाच बायका ओळींना लागल्या. कपाळाला बांधलेल्या बॅटऱ्या, अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट, पायाशी क्रेट. डाव्या हातानं घड धरायचा, उजव्या हातानं देठ कापायचा, क्रेटात आडवा ठेवायचा, टाकायचा नाही. चंपा ओळीच्या तोंडाशी उभी राहून हाका मारत होती. अर्ध्या ओळीत तिची चप्पल फसली. तिनं पाय उचलून बघितला. तळव्याला चिकटलेला चिखल बोटानं काढला, वास घेतला, आणि लांब कॉकपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं. मग पुढच्या ओळीत गेली.

साडेसातला पाहुण्यांच्या गाड्या आल्या. टोप्या, गॉगल, लहान मुलं, कुत्रीसुद्धा. रावसाहेबांच्या मंडळींनी मानाचा घड कापला, नारळ फुटला, खोबऱ्याचं ताट फिरलं. मानाचा क्रेट जमिनीला न टेकवता थेट द्राक्षं चुरायच्या यंत्रापर्यंत नेण्याची इथली रीत, आणि तो मान पहिल्या सालापासून भीमरावच्या खांद्याचा. खोबऱ्याचं ताट त्याच्यापर्यंत कधी पोचत नसे, पण क्रेट मात्र दुसऱ्या कुणाला दिला जात नसे. त्यानं क्रेट उचलला. उतारावर गुडघा दोनदा लचकला. टाळ्या वाजत होत्या, समोर मोबाईल धरलेले. फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटातनं त्याच्या मानेवर आला आणि शर्टात उतरला. दरसाल हा रस असा चिकटायचा की संध्याकाळी शर्ट कातड्यावरनं सोलून काढावा लागे. आज तो घामासारखा सरळ ओघळून गेला.

अकरा वाजता केदार सरांनी टाकीतला रस तपासला. तीनदा तपासला. मग त्यांनी शेडमध्ये लॅबच्या माणसांना आणि भीमरावला बोलावलं. रावसाहेब पाहुण्यांना सोडून आले, तोंडात अजून खोबरं होतं.

"वीस पॉइंट सहा," केदार सर म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर बरं वाटलं असतं. "बुधवारी तेवीस पॉइंट एक. शर्मिला, त्या दिवशी यंत्र द्राक्षाकडे लावलं होतंत की आकाशात तारे बघत होतात?"

शर्मिला दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. "सर, माझं चुकलं. मी एकाच ओळीतले मणी घेतले."

"का?"

"चढ होता. कंटाळा केला."

"कंटाळा. वा!" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ते भीमरावकडं वळले. "तुम्हाला काही सांगायचंय, भीमराव?"

शेडमध्ये यंत्र बंद केलेलं होतं. बाहेर पाहुण्यांच्या गाण्याचा आवाज येत होता. भीमरावनं तोंड उघडलं. शब्द तयार होते, बुधवारपासून तयार होते: म्या पानी सोडलं, पोरीला म्याच सांगितलं. एवढंच म्हणायचं होतं. त्याला शर्मिलाचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती, आणि तिनं मान अगदी बारीक हलवली. नको म्हणून. तेवढं निमित्त त्याला पुरलं. त्यानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि तोंड मिटलं.

"सोमवारपास्नं येऊ नको," रावसाहेब शर्मिलाला म्हणाले आणि पाहुण्यांकडं परत गेले. दारात चंपा क्रेट घेऊन उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक.

घरी गेल्यावर चंपानं कात्र्यांचं बोचकं कोपऱ्यात आदळलं. "मूग गिळून बसला व्हता का? पोरगी आगीत उभी ऱ्हायली आन तुम्ही हे असं? माझ्या चपलीला चिखल लागलाय, मला कळत न्हाय व्हय?"

"आई, मीच नको म्हटलं," शर्मिला मधे पडली. "मला कुठंही मिळेल. डेअरीच्या लॅबमध्ये मुली घेतात, वायनरीचा अनुभवाचा दाखला लावला की झालं. साठीला आलेल्या माणसाला कोण ठेवणारे? आणि दोष माझ्या आकड्यावर गेला, वेलींवर नाही. प्लॉट राहिला तर तुझी टोळी राहील."

भीमराव उंबऱ्यावर बसला होता. पोरीनं आपली बाजू घ्यावी यासारखी शरम नाही. त्याला वाटलं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर घास तरी उतरला असता.

रविवारी तीन नंबरचा उरलेला माल वाइनला नको, म्हणून पाहुण्यांना तुडवायला काढला. लॉनवर मोठाली लाकडी टपं मांडली. त्यात घड ओतायचे, लोकांनी पॅन्ट वर दुमडून नाचायचं, फोटो काढायचे, आणि तो लगदा मागच्या खड्ड्यात. भीमरावला पाइप देऊन टपांपाशी उभं केलं होतं, चढताना आणि उतरताना पाय धुवायला. मऊ, गोरे, भेगा नसलेले पाय एकामागून एक त्याच्यासमोर येत होते. "काका, बोटांच्या मधे पण हं," एक बाई हसून म्हणाली, "गाडीत चिकट नको." त्यानं वाकून बोटांच्या मधे पाणी मारलं. तिच्या नखाखाली एका मण्याचं साल अडकलं होतं. ते त्यानं हातानं काढलं. चौदा सालांत ह्या वेलींचा एक घड त्यानं जमिनीवर पडू दिला नव्हता. दुपारपर्यंत चंपाच्या टोळीनं शेवटची ओळ रिकामी केली आणि बायका घरी गेल्या. शकू जाताना एवढंच म्हणाली, "चंपाबाई, माझं भांडी-फरशीचं बी गेलं गं."

सोमवारी केदार सरांनी भीमरावला लॅबमध्ये बोलावलं. शर्मिलाच्या जागी टेबलावर अर्जांची चळत होती.

"तीन नंबरला उद्यापासून पाणी सोडा. दोन दिवस, भरपूर. चिखल झाला पाहिजे."

"आता? कशाला, सर?"

"गुरुवारी जेसीबी येतोय. कोरड्या जमिनीतून बुंधे निघत नाहीत, तुटतात. रावसाहेबांना लग्नसराईच्या आत लॉन पाहिजे."

भीमरावनं टेबलाची कड धरली. मग जे शनिवारी निघालं नव्हतं ते निघालं. "सर, म्या पानी सोडलं व्हतं. रविवार, सोमवार, मंगळवार. नांग्यातली रोपं जळत व्हती. पोरीनं काय केलं न्हाय. खडकाच्या ओळीचं मनी घे म्हनून म्याच सांगितलं तिला. तिला परत घ्या. मला काढा."

केदार सर त्याच्याकडं बघत राहिले. आश्चर्य असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"भीमराव, पाऊस नाही आणि साखर दोननं उतरली. कॉकची चावी साऱ्या डोंगरावर एकाच माणसाकडे. मला शनिवारी अकरा वाजताच कळलं होतं."

"मग तिला का काढली?"

"दोघांतल्या एकाला काढायचंच होतं. रावसाहेबांना कुणीतरी पाहिजे होतं." त्यांनी अर्जांच्या चळतीवर बोट ठेवलं. "लॅबसाठी मुली हव्या तितक्या मिळतात. पण जमिनीखाली कुठली नळी कुठून गेलीय ह्याचा नकाशा कुणी काढलेला नाही. तो तुमच्या डोक्यात आहे. लॉनच्या लायनी टाकेपर्यंत तुम्ही लागाल."

"आन मग?"

केदार सर अर्जांची चळत सरळ करू लागले. त्यांना बहुधा ते बोलायला वाईट वाटलं असावं. माणूस अगदीच दगड नव्हता.

"तिला दाखला तरी द्या सर. दोन सालं काम केलंय तिनं."

"खोटा आकडा लिहिलाय तिनं, भीमराव. दाखल्यावर काय लिहू, अक्षर छान आहे?"

बाहेर आल्यावर भीमराव तीन नंबरकडं गेलाच नाही. बांधाला बसून राहिला. आपण बोललो नाही म्हणून पोरीची नोकरी गेली, असं तो तीन दिवस स्वतःला खात होता. बोललो असतो तरी तेच झालं असतं, हे आता कळलं होतं. त्यानं हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आपली शरमसुद्धा कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

दिवेलागणीला घरी आला तर शर्मिला ताटं घेत होती. तिनं केस धुतले होते. डेअरीत मंगळवारी भेटायला बोलावलंय म्हणाली, कागदांची फाइलही लावून ठेवली होती. चंपा चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होती. दोन दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"दाखल्याचं विचारलंत?" शर्मिलानं विचारलं.

"विचारलं. बघू म्हनले."

"आणि कशाला बोलावलं होतं?"

"काम सांगाया. तीन नंबरला पानी सोडायचंय. दोन दिस, भरपूर."

शर्मिलाचा हात ताटावरच थांबला. शनिवारपासून तिचा चेहरा आवळलेला होता, तो एकदम सुटला. "म्हणजे ठेवला त्यांनी प्लॉट! तोडणीनंतर वेलींना ताकद यायला देतात पाणी. आई, ऐकलंस का? पुढच्या साली तुझी टोळी आहे." ती हसली. "चला, माझं जाणं फुकट तरी नाही गेलं."

चंपानं वळून नवऱ्याकडं बघितलं. हातातली भाकरी तशीच राहिली.

"व्हय," भीमराव म्हणाला, "ठेवला." आणि त्यानं आमटीसाठी वाटी पुढं केली.